खातेदाराची संमती

जागा होती. पडद्यावर हिरव्या चौकटीत चांगली ठळक दिसत होती. ट्रॉम्सो ते व्हिएन्ना, हेल्मार एअर, साठलेल्या माइल्सवर, एक जण. व्हिएन्नापासून पुढे मुंबईपर्यंत नभांगण एअरवेजचं विमान होतं आणि तिथे जागाच जागा होती. अडत होतं ते एवढ्या एका तुकड्यापाशी. केतकीने चौकटीवर बोट टेकवलं. फोनमधल्या मंजूळ आवाजाने विचारलं, "केतकी मयेकर, आपण हा प्रवास करू इच्छिता का? कृपया बोलून संमती द्या."

"हो," केतकी म्हणाली.

चौकट करडी झाली. ही जागा आता उपलब्ध नाही.

गेले कित्येक आठवडे हेच चाललं होतं. लहान मुलाला खाऊ दाखवावा आणि त्याने हात पुढे केला की मूठ मिटावी, तसं. तिने नभांगणच्या मदत कक्षाला फोन लावला. परिमल नावाचा माणूस बोलायला आला. याआधीही दोनदा तोच आला होता, पण त्याला ती आठवत नव्हती, किंवा आठवत नाही असं दाखवायचा त्याला पगार होता.

"मॅडम, ती जागा आमची नाही. हेल्मार आमची भागीदार कंपनी आहे. त्यांनी काढून घेतली तर आम्ही काय करणार?"

"हेल्मारवाले म्हणतात, माइल्स नभांगणचे आहेत, त्यांना विचारा."

"ते असं म्हणणारच."

"मग मी विचारायचं कोणाला?"

"आपण पुन्हा प्रयत्न करून बघा." जरा थांबून तो आवाज खाली आणत म्हणाला, "आणि एक सांगू? शांतपणे हो म्हणा."

"मी ओरडले का तुमच्यावर?"

"ओरडण्याचं काही नाही हो. ओरडलेलं चालतं त्याला."

त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती.

ते यंत्र मुळात बाळांसाठी होतं. बाळ बोलत नाही, रडतं. आणि भुकेचं रडणं कुठलं, पोटदुखीचं कुठलं, नुसतं 'मला घ्या' असं सांगणारं कुठलं, हे पहिलटकरणीला कळेपर्यंत दोघंही दमून जातात. एका प्रसूतिगृहातल्या संशोधकांनी हजारो बाळांचे आवाज तपासले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की खरी खूण रडण्यात नाहीच, ती रडण्याच्या आधी आहे. आवाज फुटण्यापूर्वीच्या निमिषात स्वरयंत्राचे स्नायू तयारी करतात. त्यांना हलवणारी नस आणि काळजाचा ठेका सांभाळणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या. भीती वाटली तर श्वास अडतो. पण हवंहवंसं काही समोर आलं, तर श्वास आधीच घेतला जातो. आई दिसल्यावर बाळ दूध तोंडात यायच्या आधीच छाती भरून घेतं ना, तसा. मोठेपणी माणूस शब्द सांभाळायला शिकतो, सूर सांभाळायला शिकतो. हा श्वास मात्र कोणालाच सांभाळता येत नाही.

संशोधकांनी त्या मापाला एक लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला ओढांक म्हणू लागले.

पुढे ते यंत्र दवाखान्यातून बाजारात आलं. गरज बघून भाव वाढवायचा नाही, असा कायदा झाला. पण विमान कंपन्यांच्या वकिलांनी दाखवून दिलं की माइल्सवर दिलेली जागा ही विक्री नव्हेच, ते बक्षीस आहे, आणि बक्षीस कोणाला द्यायचं हे देणारा ठरवतो. चोरीचे माइल्स आणि नकली आवाज यांना आळा म्हणून बोलून संमती देणं आधीच सक्तीचं झालं होतं. आता त्याच 'हो'मधून ओढांकही मोजला जाऊ लागला. हिशेब साधा होता. ज्याला जायचंच आहे तो कुठे पळून जातो? तो थांबेल, हातापाया पडेल, दुप्पट माइल्स देईल. ज्याला फारसं काही पडलेलं नाही तो निसटेल. म्हणून जागा त्याला आधी द्यायची. स्वतःच्या गिऱ्हाइकाशी असं वागायला कंपन्या जरा बिचकायच्या. भागीदार कंपनीच्या गिऱ्हाइकाची भीड कशाला बाळगायची?

पैसे देऊन जावं, तर इंधनावर मर्यादा आल्यापासून लांबची विमानं निम्म्यावर आली होती आणि विकत मिळणाऱ्या जागा मोठमोठ्या कारखान्यांनी वर्षभरासाठी उचलून ठेवल्या होत्या. दुसऱ्या शहरातून निघालं तरी पुढचं विमान हेल्मारचंच.

केतकीने काय काय करून बघितलं नव्हतं. पाढे म्हणत हो म्हटलं. ती काम करायची त्या प्रयोगशाळेतल्या थंड टाकीत कोपरापर्यंत हात घालून हो म्हटलं. निरिच्छ कसं व्हावं याचे वर्ग घेणारे लोक आता गल्लोगल्ली निघाले होते. त्यातल्या एकाचा वर्ग फोनवर केला. कशाचाही उपयोग झाला नाही. दोन वर्षांच्या लेकीपासून वर्षभर लांब राहिलेल्या बाईच्या 'हो'मध्ये जे होतं, त्याच्याइतकं मोठं माप हेल्मारच्या यंत्राने क्वचितच पाहिलं असेल.

*

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली केतकी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला सॅमन माशांच्या लसीवर काम करायला आली होती. थोड्याच महिन्यांचं काम होतं, ते लांबत गेलं. नवरा निनाद जहाजावर इंजिनीअर. त्याची सुट्टी जुईसाठी राखून ठेवली होती, ती कंपनीने रद्द केली. मग जुई राहिली रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये, केतकीचे मोठे दीर हर्षददादा आणि जाऊ मृणालवहिनी यांच्याकडे. आता जुईला दोन वर्षं पूर्ण झाली होती आणि तिला इकडे आणायची परवानगी मिळाली होती. परतीची दोघींची तिकिटं प्रयोगशाळा काढणार होती. घ्यायला जायचं मात्र ज्याचं त्याने. आणि हेल्मारचं हिवाळी वेळापत्रक संपलं, की उन्हाळ्यापर्यंत भागीदारांना माइल्सवर एकही जागा मिळणार नव्हती.

उन्हाळ्यापर्यंत जुईला आई म्हणजे कोण, हेच आठवणार नव्हतं. ते आत्ताच पुसट होत चाललं होतं.

"जुई, इकडे बघ, कोण आहे?" पडद्यात वहिनींचा हात जुईची हनुवटी वळवत होता.

"फोनआई," जुई म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर दुधाची मिशी होती. मग ती वळून वहिनींच्या ओढणीत शिरली आणि आतून म्हणाली, "आई, भूक."

वहिनींनी ते दुरुस्त केलं नाही. फोनकडे बघत त्या म्हणाल्या, "आम्ही काही शिकवलं नाही हं तिला. आपणहून म्हणते."

"मी कुठे काय म्हटलं, वहिनी."

"म्हणत नाहीस. तोंडावर दिसतं."

केतकीने विषय काढला. मनातल्या मनात तो अनेकदा काढून झाला होता. "वहिनी, तुमच्या नावावरचं ते खातं आहे ना, माइल्सचं."

"आहे. मग?"

त्या खात्याचीही एक गोष्ट होती. केतकीच्या लग्नात मानपानाच्या साड्या वाटल्या तेव्हा मोठ्या जावेला आणि लांबच्या चुलत नणंदेला एकाच ताग्यातली, एकाच रंगाची साडी गेली. केतकीच्या आईच्या लक्षातही आलं नाही. मृणालवहिनी फोटोला उभ्या राहिल्या नाहीत. पंगतीतही बसल्या नाहीत. शेवटी निनादने सगळ्यांदेखत जाहीर केलं, की जहाजावर जाता-येता त्याला जेवढे म्हणून माइल्स मिळाले आहेत आणि पुढे मिळतील, ते सगळे एका कुटुंबखात्यात जातील आणि त्या खात्याची धनीण मोठी वहिनी असेल. टाळ्या पडल्या, वहिनी जेवल्या. घरात मान दिला की निभावतं, असं निनादला वाटलं. खातेदार म्हणजे ज्याच्या आवाजावर जागा मिळते तो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं? प्रवाशाला मग काही विचारतच नाहीत.

"तुम्ही फोन करून माझ्यासाठी जागा मागाल का?" केतकी म्हणाली. "माझ्या आवाजावर मिळत नाहीये."

वहिनी जुईच्या फ्रॉकची बटणं लावत होत्या. एक बटण लावलं, दुसरं लावलं.

"म्हणजे तू येऊन हिला घेऊन जाणार, त्याचं तिकीट मी काढायचं."

"हो."

"आणि माझ्या आवाजावर का मिळेल म्हणे?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं. घरात एकच माणूस असं होतं, ज्याला केतकी यायला नको होती.

"बरं आहे की," वहिनी म्हणाल्या. "कशाला तरी उपयोगी पडले म्हणायची. करते फोन. माझ्यामुळे अडलं असं उद्या कोणी म्हणायला नको. आत्ताच करते, तूही ऐक."

त्यांनी तिला त्याच फोनवर जोडून घेतलं. मंजूळ आवाज आला. "मृणाल मयेकर, आपल्या खात्यातून केतकी मयेकर यांना हा प्रवास करू देऊ इच्छिता का? कृपया बोलून संमती द्या."

"हो," वहिनी म्हणाल्या. किराणावाल्याला पिशवी तिथेच ठेव म्हणावं, तशा.

"धन्यवाद. जागा निश्चित झाली आहे. प्रवाशाला जेवण कोणतं आवडेल?"

केतकी प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात उभी होती. दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. तिथल्या हिवाळ्यात तो तसाच असतो. हवं ते मिळालं होतं आणि तोंडात माती गेल्यासारखं वाटत होतं. एखाद्याचं आपल्यावर प्रेम नाही हे ठाऊक असणं वेगळं. यंत्राने ते मोजून, वर जेवणाचं विचारणं वेगळं.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "एवढ्यासाठी रडत होतीस?"

*

तिकीट होतं, पण नुसतं निश्चित झालेलं. भागीदार कंपनी आपला क्रमांक देईपर्यंत त्याला काही अर्थ नसतो. परिमल म्हणाला, येईल. हेल्मार म्हणाली, नभांगणने पाठवला की आम्ही पाठवू. त्या वाट बघण्यात जुईला कांजिण्या आल्या.

ताप चढला आणि वहिनींचा फोन वेळ नसताना आला. "बोल तिच्याशी काहीतरी," त्या म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीये, खाजवतेय." केतकी बोलली. टाकीतल्या माशांबद्दल बोलली, एक मासा दुसऱ्याची शेपटी कशी धरतो ते सांगितलं. जुईच्या अंगावर गुलाबी औषधाचे ठिपके होते, त्या ठिपक्यांतून दोन डोळे फोनकडे लागले होते. "अजून मासा," ती म्हणाली.

मग फोन बंदच झाला नाही. वहिनी तो बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवायच्या. कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने पुसून घेताना केतकी इकडून हातमोजे घातलेल्या दोन बोटांचा मासा करून नाचवायची. प्रयोगशाळेत काम करताना कानात रत्नागिरीचा पंखा फिरत असायचा. "झोपली का गं ती? बघ बरं," वहिनी हळूच विचारायच्या, "अंगावर आहे, मला तोंड दिसत नाही." केतकी बघून सांगायची, "झोपली. तोंड उघडं आहे." "असू दे. निनादभावजींसारखी झोपते." दोघी आवाज न करता हसायच्या.

अशाच एका संध्याकाळी, जुईला थोपटता थोपटता, वहिनी बोलून गेल्या. त्यांना दोनदा दिवस राहिले होते. पहिलं लवकरच गेलं. दुसरं मात्र पाचव्या महिन्यापर्यंत होतं. आतून लाथ मारायचं, तेही नेमकं भजी तळायला घेतल्यावर. "हर्षदना मी कधी सांगितलं नाही, पण नाव ठेवलं होतं मी. नाव घेऊन बोलायचे तिच्याशी." कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. केतकीने विचारलं नाही. तिने नुसता पडद्यावर हात ठेवला. वहिनींनी तो बघितला आणि म्हणाल्या, "नखं काप. मासळीचं काम करतेस."

खपल्या धरल्या. जुई खेळू लागली. एक दिवस फोन आल्याबरोबर ती पळत आली आणि फोनला म्हणाली, "आई, मासा." केतकीने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "मी सांगितलं तिला. दोन असतात म्हटलं कोणाकोणाला." आणि मग, दुसरीकडे बघत, "ये गं बाई आता लवकर. एकटीने नाही निभत माझ्याच्याने."

*

दुसऱ्याच दिवशी हेल्मारने आपलं विमान दोन तास पुढे ढकललं.

एवढंच. पण तिकिटाचा एक तुकडा हलला की सगळं तिकीट पुन्हा उभं करावं लागतं, आणि त्याला खातेदाराची संमती नव्याने लागते. परवा संध्याकाळपर्यंत दिली तर ठीक, नाहीतर जागा परत हेल्मारची.

"त्यात काय, करते की," वहिनी म्हणाल्या. केतकीला जोडून घेऊन त्यांनी फोन लावला. तोच प्रश्न आला.

"हो," वहिनी म्हणाल्या.

"क्षमस्व. ही जागा सध्या उपलब्ध नाही."

वहिनींनी पुन्हा लावला. या वेळी घसा खाकरून, जाड आवाजात म्हणाल्या, "हो." क्षमस्व. तिसऱ्यांदा त्यांनी जुईला मांडीवरून उतरवलं, फोन हातात घेऊन गॅलरीत गेल्या, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत म्हणाल्या. क्षमस्व.

"मी तर अगदी साधं बोलले," वहिनी म्हणाल्या. मग त्यांना समजलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मेल्याला कसं कळलं?" असं म्हणून त्या हसल्या. लग्नाच्या फोटोत नसलेल्या या बाईला असं लाजून हसताना केतकी पहिल्यांदा बघत होती. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी परवा संध्याकाळची मुदत आठवली.

परिमल म्हणाला, "खातेदाराच्या बाजूने अडचण दिसतेय, मॅडम."

"तुमच्या यंत्राला माणसं एकमेकांना नको असलेली आवडतात का?"

"मी तक्रार नोंदवून घेऊ का?"

ती रात्र आणि पुढची सकाळ केतकीने तोच एक हिशेब करण्यात घालवली. निनादला निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं: वहिनीला सांग जरा चिडून बोल म्हणावं. नवरा समुद्रावर होता आणि त्याचं डोकंही तिथेच होतं. चिडून चालत नव्हतं. ओरडलेलं चालतं त्याला, तसं चिडलेलंही चालत होतं. आतून नको असायला हवं होतं. वहिनींना सांगून ते होणार नव्हतं. सांगितलं असतं तर त्या आणखी जीव लावून नाटक करत्या आणि ते यंत्राला कळतं. त्यांना न सांगता करायला हवं होतं. एकदा जुईला उचलून घेतलं की मग पाय धरू, सगळं सांगू. माणसाला समजतं. यंत्राला समजत नाही, माणसाला समजतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. "अगं बरं झालं. मी म्हटलं, आज परत एकदा—"

"वहिनी, जुई तुम्हाला अजून आई म्हणते का?"

"म्हणते कधी कधी. दोघींनाही म्हणते. का गं?"

"बंद करा ते. मी कालपासून विचार करतेय. माझं पोर मांडीवर घेऊन बसलात म्हणून तुम्ही आई होत नाही."

वहिनींनी गॅस बारीक केला. "काय झालं तुला?"

केतकीला वाटलं होतं की पुढचं वाक्य शोधावं लागेल, जुळवावं लागेल, जीभ अडखळेल. तसं काही झालं नाही. वाक्य तयार होतं. कधीपासून तयार होतं कोण जाणे. जुई ओढणीत शिरून 'आई, भूक' म्हणाली त्या दिवसापासून असेल.

"देवाने दोनदा तुमच्या ओटीत घातलं आणि दोनदा परत नेलं, ते उगाच नाही नेलं, वहिनी. त्याला ठाऊक होतं कोणाच्या हातात काय द्यायचं."

पडद्यावर वहिनींच्या मागे कढईत काहीतरी चरचरत होतं. बाहेरच्या खोलीतून जुई काहीतरी गात होती, अर्धे शब्द गिळून. वहिनींनी ओढणीला हात पुसले, आधी एक, मग दुसरा, आणि फोन बंद केला.

केतकीने पुढचा तासभर टाकीशेजारी उभं राहून काढला. सॅमन एकाच दिशेने फिरत होते. मग खिशात फोन थरथरला. खातेदाराची संमती मिळाली. जागा निश्चित. त्याच्या पाठोपाठ, इतके दिवस न आलेला, हेल्मारचा क्रमांकही आला.

*

रत्नागिरीच्या फ्लॅटचं दार वहिनींनीच उघडलं. "ये," म्हणाल्या. पाणी आणून दिलं. हर्षददादा बाहेरगावी गेले होते, किंवा त्यांना पाठवलं होतं. जुईचं सामान दिवाणखान्यात तयार होतं. फ्रॉक, गरम कपडे, औषधं, खपल्यांवर लावायचं तेल, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

जुई वहिनींच्या मागे उभी होती. पडद्याबाहेरची केतकी तिला फार मोठी वाटली असावी. केतकी जमिनीवर बसली, दोन बोटांचा मासा केला. जुई बघत राहिली. तिने वहिनींची ओढणी सोडली नाही, पण एक पाऊल पुढे आली. तिच्या कपाळावर एक खपली पडून गुलाबी खूण राहिली होती. फोनवर ती दिसली नव्हती. केतकीने त्या खुणेला बोट लावलं आणि वर्षभराने लेकीचा वास नाकात भरून घेतला. तेल, घाम, बिस्किट.

वहिनी भिंतीकडे बघत होत्या.

"वहिनी," केतकी म्हणाली. विमानात हे सगळं जुळवलेलं होतं, त्यातलं काहीच आता सुचेना. "मी जे बोलले ते तिकिटासाठी बोलले. तुमच्या आवाजातली ओढ जावी म्हणून. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मुद्दाम—"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"तू शहाणी आहेस, पण मी काही वेडी नाही. फोन ठेवला, पोळ्या करायला घेतल्या, दुसऱ्या पोळीला माझ्या लक्षात आलं. म्हटलं, ही असं कधी बोलत नाही, हिने हे तिकिटासाठी केलं." त्या शांतपणे सांगत होत्या. "म्हणून तर कंपनीला फोन लावला. नाहीतर कशाला लावते मी?"

केतकीचा जीव खाली पडला. "वहिनी, मला वाटलं तुम्ही—"

"थांब. बोलू दे मला. फोन लावताना मला हसूच येत होतं. मी म्हटलं, आता काही जागा मिळत नाही. कारण मला तर कळलंय. मनात काही नाहीये माझ्या. तुला सांगणार होते की बाई, फुकट शिव्या दिल्यास, तुझी युक्ती फसली."

त्या खाली वाकल्या. जुईच्या मुठीत ओढणीचं टोक होतं.

"पहिल्याच फोनला मिळाली, केतकी," त्या म्हणाल्या, आणि जुईचं एकेक बोट सोडवू लागल्या.